शेजारी देशाकडे अडकलेले सरकारी पैसे कधी परत मिळतात का?

मेघना_द

एप्रिल २०२५ मध्ये ढाक्यात बांगलादेश आणि पाकिस्तानच्या परराष्ट्र सचिवांची बैठक झाली, पंधरा वर्षांनी. बांगलादेशाने तिथे ४.३२ अब्ज डॉलर मागितले. १९७१ पूर्वीच्या अखंड पाकिस्तानच्या मालमत्तेतला हा आमचा वाटा, असं त्यांचं म्हणणं. त्यातले २० कोटी डॉलर वेगळेच आहेत. नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळानंतर परदेशातून जी मदत आली, ती बँकेच्या ढाका शाखेतून लाहोरच्या शाखेत वळवली गेली, असा त्यांचा दावा आहे. ऑगस्टमध्ये पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री इशाक दार ढाक्याला आले आणि म्हणाले की जुने प्रश्न १९७४ मध्ये आणि नंतर २००२ मध्ये मिटलेले आहेत. बांगलादेशाला ते मान्य नाही.

मला त्या २० कोटींनी अस्वस्थ केलं. त्या वादळात किमान तीन लाख माणसं गेली. बेटंच्या बेटं धुऊन निघाली. त्यांच्या नावाने आलेला पैसा पंचावन्न वर्षं वाटाघाटीतलं एक कलम होऊन पडलाय.

प्रश्न साधा आहे. शेजारी देशाने अडवलेला किंवा गोठवलेला सरकारी पैसा चर्चेतून परत मिळाल्याची उदाहरणं आहेत का? मिळाला तर कशामुळे मिळाला?

चौकस

आपल्याकडचंच उदाहरण आहे की. पंचावन्न कोटी.

ईशान_व

आला पंचावन्न कोटींचा विषय! आता धागा शंभरी गाठणार.

पाऊलखुणा

येऊ दे, पण नीट येऊ दे. मी इतिहास शिकवतो आणि दरवर्षी वर्गात हा प्रश्न येतोच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

फाळणीच्या वेळी अखंड हिंदुस्थानच्या तिजोरीत रोख शिल्लक होती सुमारे ४०० कोटी. त्यातले ७५ कोटी पाकिस्तानचे, असं ठरलं. २० कोटी १४ ऑगस्टच्या सुमारास हातखर्चासाठी दिले गेले, राहिले ५५. डिसेंबर १९४७ मध्ये हा करार दोन्ही बाजूंनी मान्य केला. म्हणजे रकमेबद्दल वाद उरलेलाच नव्हता, हे आधी लक्षात घ्या. वाद झाला तो देण्याच्या वेळेवरून. काश्मीरमध्ये लढाई पेटलेली. सरदार पटेलांची आणि मंत्रिमंडळाची भूमिका अशी की आत्ता पैसे दिले तर ते आपल्याच सैनिकांवर उलटतील. काश्मीरचा प्रश्न सुटला की देऊ. १२ जानेवारी १९४८ ला पटेलांनी पत्रकारांपुढे हे स्पष्ट सांगितलं. त्याच दिवशी गांधीजींनी उपोषण जाहीर केलं, १३ ला सुरू झालं, १५ ला सरकारने पैसे सोडायचा निर्णय जाहीर केला, १८ ला उपोषण सुटलं.

आता नेहमी निसटणारी गोष्ट. उपोषण सोडण्यासाठी ज्या सात अटी मान्य झाल्या, त्या दिल्लीतल्या शांततेच्या होत्या. मेहरौलीचा उरूस नेहमीसारखा भरावा, ताब्यात घेतलेल्या मशिदी परत द्याव्यात, मुसलमानांना दिल्लीत निर्धास्त हिंडता यावं, अशा. पंचावन्न कोटी त्या सातांत नाहीत. गांधीजींना ते पैसे अडवणं पटलेलं नव्हतं हेही खरं, आणि सरकारने आपल्या निवेदनात उपोषणाचा संदर्भ दिला हेही खरं. पण 'उपोषण पैशांसाठीच होतं' हे खरं नाही.

सह्याद्रीवारा

पाऊलखुणा सर, तपशील मान्य. तरी मला पटेलांचं म्हणणं आजही पटतं. समोरचा लढतोय, आणि आपण त्याला दारूगोळ्याचे पैसे मोजून द्यायचे? जगात कुठला देश असं करेल? करार झाला तेव्हाची परिस्थिती बदलली होती.

पाऊलखुणा

सह्याद्रीवारा, पटेलांच्या बाजूत दम नव्हता असं मी म्हणणार नाही. पण एक पाहा. करार करताना काश्मीर पेटलेलंच होतं, लढाई ऑक्टोबरपासून चालू होती. ती अट घालायची तर सही करण्याआधी, लेखी घालायची. पटेलांचं उत्तर असं की हे सगळे प्रश्न एकत्रच सुटायचे, असं आम्ही तेव्हाच तोंडी बजावलं होतं. पाकिस्तान म्हणे, कागदावर दाखवा. पंचाहत्तर वर्षांनीही भांडण तिथेच आहे. माझं मत विचाराल तर सही झाल्यावर तो पैसा आपला राहिला नव्हता, आपल्याकडे ठेव म्हणून होता.

संपादक मंडळ

या विषयावर आधी दोन धागे वाचनमात्र करावे लागले आहेत. चर्चा पैशांच्या व्यवहारावर ठेवावी, व्यक्तींवर नको.

जुनीनाणी

पैशांवरच लिहितो. माझ्या संग्रहात दहा रुपयांची एक नोट आहे. सहाव्या जॉर्जचं चित्र, वर रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया, खाली चिंतामणराव देशमुखांची सही. आणि डावी-उजवीकडची नक्षी सोडून जी पांढरी जागा उरते, तिथे वर इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' आणि खाली उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान' असा जादा छाप. या नोटा नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेल्या. १ एप्रिल १९४८ पासून त्या पाकिस्तानात चालू लागल्या. उजेडात धरली की राजाचा जलचिन्हातला चेहरा दिसतो आणि त्याच्या कपाळावरून उर्दू अक्षरं गेलेली दिसतात. पाहुण्यांना मी हीच नोट आधी दाखवतो.

सांगायचं कारण, त्या काळात दोन्ही देशांची बँक एकच होती, आणि त्यांची लढाईही चालू होती. पंचावन्न कोटी ज्या तिजोरीत होते तिचे गव्हर्नर देशमुख. पाकिस्तानला आपली स्टेट बँक मिळाली १ जुलै १९४८ ला.

मेघना_द

जुनीनाणी, हे वाचून अंगावर काटा आला. फोटो टाकाल का?

जुनीनाणी

रविवारी चांगल्या उजेडात काढून टाकतो, ताई. प्लास्टिकच्या पाकिटातून काढताना हात थरथरतो.

खातेवही

बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी न जुळणारी खाती जुळवण्यात गेली. म्हणून जुनीनाणींच्या नोटेचं पुढे काय झालं ते लिहितो.

पाकिस्तानात चलनातून काढलेल्या भारतीय नोटांच्या बदल्यात रिझर्व्ह बँकेने तेवढी मालमत्ता, म्हणजे सोनं, स्टर्लिंग रोखे, सरकारी रोखे, त्यांच्या स्टेट बँकेकडे द्यायची, अशी व्यवस्था होती. बरंचसं दिलं गेलं. काही राहिलं. ते राहिलेलं आजही स्टेट बँक ऑफ पाकिस्तानच्या ताळेबंदात 'भारतीय रिझर्व्ह बँकेकडे असलेली मालमत्ता' म्हणून दरवर्षी छापून येतं. त्यात सोनं असल्याने भाव चढला की आकडा फुगतो. आणि आपल्या अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत वर्षानुवर्षं एक ओळ येत राहिली: फाळणीपूर्व कर्जातला पाकिस्तानचा वाटा, येणे ३०० कोटी. त्यांच्या वहीत आपण देणेकरी, आपल्या वहीत ते. दोन्ही खाती उघडी.

मेघनाताई, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं. रक्कम ठरली नसेल तर पैसा वहीत राहतो. रक्कम ठरली असेल तर तो कधी ना कधी सुटतो, उशिरा का होईना. पंचावन्न कोटी सुटले कारण आकडा सहीनिशी ठरला होता. ३०० कोटी आणि ती सोन्याची बाकी सुटली नाही, कारण ते आकडे एकमेकांनी मानलेच नाहीत.

बांगलादेशाचं घोडं इथेच अडलंय. जून १९७४ मध्ये भुट्टो ढाक्याला गेले तेव्हा मुजीबनी वाटा मागितला आणि बोलणी फिसकटली. आमची लोकसंख्या निम्म्याहून जास्त होती, मग तेवढा वाटा द्या, असं बांगलादेश म्हणतो. पाकिस्तानने तो हिशेबच कधी मांडू दिला नाही. म्हणजे ४.३२ अब्ज हा आजही एकाच बाजूचा आकडा आहे.

शुभदा_जो

सहमत. पण खातेवहीकाका, रक्कम ठरलेली असूनही एकाहत्तर वर्षं अडकलेला पैसाही आहे. निजामाचा.

२० सप्टेंबर १९४८. पोलीस कारवाई नुकतीच संपलेली, हैदराबाद शरण आलेलं. निजामाचे मंत्री मोईन नवाज जंग यांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतले १०,०७,९४० पौंड आणि ९ शिलिंग पाकिस्तानचे तिथले उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या नावावर वळते केले. आठवड्यात निजामाने बँकेला कळवलं की हे माझ्या परवानगीशिवाय झालंय, पैसे परत करा. बँक म्हणाली, ज्याच्या नावावर आहेत त्याची संमती आणा.

निजाम कोर्टात गेला. पाकिस्तान म्हणालं, आम्ही सार्वभौम देश, आमच्यावर दावाच चालत नाही. १९५७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते मान्य केलं. झालं, बँकेने पैसे धरून ठेवले. ना निजामाला, ना पाकिस्तानला, ना भारताला. १९६५ मध्ये निजामाने आपला हक्क भारताकडे सोपवला. मधल्या काळात आपसात मिटवायचे प्रयत्न झाले, काही हाती लागलं नाही.

कोंडी फुटली २०१३ मध्ये, आणि फोडली पाकिस्ताननेच! पैसे मिळवायला ते स्वतःच कोर्टात गेले, आणि दावा लावला की सार्वभौमत्वाची ढाल खाली ठेवावी लागते. २ ऑक्टोबर २०१९ ला न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी निकाल दिला: हा पैसा निजामाचा होता, तेव्हा आता भारत आणि निजामाचे दोन नातू यांचा. दहा लाख पौंडांचे तोवर साडेतीन कोटी झाले होते.

मी कायदा शिकत असताना हा खटला केवळ लॉर्ड्सच्या निकालापुरता शिकले होते. निकालाच्या दिवशी रात्री जागून सगळा वाचून काढला. शिलिंगांसकट तो आकडा वाचताना वाटलं, कोणीतरी कारकुनाने हे दरवर्षी पुढच्या पानावर ओढलं असेल.

ईशान_व

एकाहत्तर वर्षं! आणि व्याजाने पस्तीसपट. वाचनखूण साठवली.

चौकस

पण ताई, हा तर कोर्टाचा विजय. मेघना चर्चेबद्दल विचारतेय.

शुभदा_जो

बरोबर. म्हणूनच लिहिलं. चर्चेने सुटलं नाही कारण तिन्ही बाजूंना वाटत होतं की थांबलो तर पूर्ण मिळेल. तिऱ्हाईत बँकेत पैसा सुरक्षित होता, व्याज चढत होतं, मग तडजोडीची घाई कोणाला?

वाळवंटी

मी फारसं लिहीत नाही, पण या विषयाशी आमच्या घराचा संबंध आहे.

बाबा कुवेतमध्ये साल्मियाला एका गोदामात स्टोअरकीपर होते. ऑगस्ट १९९० ला इराकी फौज आली. आम्ही बसऱ्यावरून बगदाद, तिथून अम्मान, आणि तिथून विमानाने मुंबई. आईच्या पर्समध्ये फ्लॅटची किल्ली आणि कुवेती दिनार होते, जे कोणी बदलून देईना.

तीन-चार वर्षांनी बाबांनी एक फॉर्म भरला. संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाचा, 'अ' वर्ग. कुवेत सोडावं लागलं एवढंच दाखवायचं. बाकी कुठल्या वर्गात दावा करणार नाही असं लिहून दिलं तर एका माणसाला ४,००० डॉलर. बाबांनी पासपोर्टवरचे शिक्के दाखवले. परराष्ट्र मंत्रालयाच्या कुवेत कक्षामार्फत आधी अडीच हजार डॉलरचे पैसे आले, मग उरलेले दीड हजार. बाबांनी दोन्ही वेळा वहीत तारीख घालून नोंद केली. ती वही आहे माझ्याकडे.

हा पैसा आला कुठून? इराकच्या तेलातून. आधी तेलाच्या उत्पन्नाचे ३० टक्के, २००० पासून २५, सद्दाम गेल्यावर ५. शिवाय १९९२ मध्ये सुरक्षा परिषदेने इतर देशांत गोठलेले इराकी तेलाचे पैसेही वापरायची वाट काढली होती. एकूण ५२.४ अब्ज डॉलर वाटले गेले आणि शेवटचा हप्ता कुवेतला मिळाला २०२२ मध्ये. एकतीस वर्षांनी.

मला सांगायचंय ते हे. देशांचे आकडे वाचताना ते देशांचेच वाटतात. आमच्याकडे त्या पैशातून बहिणीची फी भरली गेली.

मेघना_द

वाळवंटी, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. मनापासून आभार.

पाऊलखुणा

याला जोडून. कुवेतच्या मध्यवर्ती बँकेतलं सोनंही इराकने नेलं होतं, तीन हजारांहून जास्त विटा. ते मात्र १९९१ मध्येच, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली मोजून परत दिलं गेलं. हरलेला देश लवकर परत करतो.

आणि उलट उदाहरण त्याच युद्धातलं. इराकने आपली शंभरावर विमानं बॉम्बफेकीतून वाचवायला शेजारच्या इराणमध्ये उडवून नेली. इराणने ती ठेवूनच घेतली. आठ वर्षांच्या युद्धाची भरपाई बाकी आहे, असं त्यांचं म्हणणं. २०१४ मध्ये इराकवर संकट आलं तेव्हा काही सुखोई-२५ परत दिसली. तेवीस वर्षांनी, आणि तीही गरज दोघांची एक झाली तेव्हा.

सह्याद्रीवारा

म्हणजे माझाच मुद्दा. ताब्यातली वस्तू हा हुकमाचा पत्ता असतो. रशियाचे सुमारे २१० अब्ज युरो युरोपात गोठलेत, बहुतेक ब्रसेल्सच्या युरोक्लियर या रोखे सांभाळणाऱ्या संस्थेत. ते काय सही आहे म्हणून सोडायचे?

खातेवही

सोडा म्हणत नाही. पण युरोपने काय केलंय ते पाहा. मुद्दल गोठवलं, जप्त केलं नाही. त्यावरच्या उत्पन्नाच्या जोरावर २०२४ मध्ये जी-७ देशांनी मिळून युक्रेनला ५० अब्ज डॉलरचं कर्ज उभं केलं. मुद्दलावर कर्ज काढायचा प्रस्ताव डिसेंबर २०२५ मध्ये आला तेव्हा बेल्जियम अडून बसलं, कारण उद्या दावा हरलो तर भरायचं कोणी? शेवटी ९० अब्ज युरो युरोपने स्वतः उसने काढायचं ठरवलं. दुसऱ्याच्या ठेवीला हात लावताना एवढी मोठी राष्ट्रंही थबकतात, सह्याद्रीवारा. त्यात भित्रेपणा नाही, ठेवीवरचा विश्वास गेला तर सगळ्यांचाच जातो.

सह्याद्रीवारा

हं. मुद्दल गोठवून उत्पन्न वापरणं मला पटतं. पंचावन्न कोटींच्या वेळी असा मधला मार्ग कोणी सुचवला असता तर बरं झालं असतं.

पाऊलखुणा

चार महिन्यांत सुचलाच होता, वेगळ्या प्रश्नात! १ एप्रिल १९४८ ला पूर्व पंजाबने कालव्यांचं पाणी तोडलं. ४ मे ला दिल्लीत समझोता झाला: पाण्यापोटी जी रक्कम वादातली नाही ती पाकिस्तानने द्यायची, आणि वादातली रक्कम रिझर्व्ह बँकेत अनामत ठेवायची. पाणी सुरू झालं. वाद बाजूला ठेवला, पैसा तिसऱ्या खात्यात.

पुढे १९६० च्या सिंधू करारात भारताने पश्चिमेकडच्या नव्या कालव्यांसाठी ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड द्यायचं कबूल केलं, दहा वार्षिक हप्त्यांत. १९६५ च्या युद्धाच्या वर्षीही तो हप्ता गेला. सप्टेंबरमध्ये सीमेवर रणगाडे जळाले आणि नोव्हेंबरचा हप्ता भरला गेला. तो करार एप्रिल २०२५ पासून स्थगित आहे, पण त्या हप्त्याची आठवण मला आजही थक्क करते.

शुभदा_जो

अवांतर: त्याच ६५ च्या युद्धात दोघांनी एकमेकांच्या नागरिकांची मालमत्ता ताब्यात घेतली. ताश्कंद जाहीरनाम्यात परत करण्याबाबत चर्चा करू, असं लिहिलं होतं. पाकिस्तानने १९७१ मध्ये तिकडची विकून टाकली. आपल्याकडे शत्रू संपत्ती म्हणून नऊ हजारांवर मालमत्ता अजून आहेत. एकदा विकलं की चर्चेला उरतंच काय?

ईशान_व

दोघांत न सुटता पाच जणांत सुटलं, असं काही आहे का?

खातेवही

आहे, आणि ते माझं आवडतं आहे. युगोस्लाव्हिया.

देश फुटला तेव्हा बाझेलच्या आंतरराष्ट्रीय बँकेत त्यांचं सोनं आणि ठेवी होत्या. सर्बिया म्हणे, आम्हीच जुना देश, सगळं आमचं. बाकीचे म्हणाले, जुना देश संपला, आपण पाचही जण वारस. या एका वाक्यावर दहा वर्षं गेली. सर्बियाच्या मिलोसेविचची सत्ता गेली, बेलग्रेडने, म्हणजे सर्बियाने, पाचांतला एक असं स्वतःला मानलं, आणि मग भराभर झालं. २००१ च्या एप्रिलमध्ये बाझेलचं सोनं वाटलं: सर्बिया-माँटेनेग्रो ३६.५२ टक्के, क्रोएशिया २८.४९, स्लोव्हेनिया १६.३९, बोस्निया १३.२०, मॅसेडोनिया ५.४०. जूनमध्ये व्हिएन्नात उरलेल्या ठेवींचा करार झाला, त्यात टक्के वेगळे. सर्बियाला ३८, बोस्नियाला १५.५.

दोन वेगळी कोष्टकं का, हे बघण्यासारखं आहे. प्रत्येकाला कुठेतरी थोडं जास्त मिळाल्यासारखं वाटलं. पण सगळं नाही सुटलं. स्लोव्हेनियाच्या बँकेच्या सारायेव्हो शाखेत लोकांनी परकीय चलनात ठेवी ठेवल्या होत्या. त्यांना न्याय मिळाला २०१४ मध्ये, स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात. राज्यांचे पैसे आधी सुटले, माणसांचे तेरा वर्षांनी. वाळवंटींच्या बाबांचं उलट झालं, तिथे 'अ' वर्गाला मुद्दाम पहिला नंबर दिला होता. त्या आयोगाची ही एक गोष्ट मी कधी विसरत नाही.

चौकस

या हिशेबाने पाकिस्तान म्हणणार, आम्हीच जुना देश, बांगलादेश फुटून गेला.

शुभदा_जो

तेच म्हणतात. आणि त्याच न्यायाने १९४७ मध्ये भारत जुना देश होता, तरी १७.५ टक्के मालमत्ता आणि कर्ज पाकिस्तानचं, असं वाटून दिलं. स्वतः वाटा घेतलेल्याने दुसऱ्याला नाही म्हणणं अवघड जावं.

मेघना_द

एवढं शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. पहिल्या प्रश्नाकडे परत येते. तुमचं सगळं वाचून वाटतं की बांगलादेशाने त्या २० कोटींचं कलम ४.३२ अब्जांतून बाहेर काढावं. माफी, वाटा, लोकसंख्या हे सगळे मोठे वाद आहेत, चालू द्यावेत. पण वादळाची मदत ही कोणाचीच वाटणीची मालमत्ता नव्हती. ती त्या बेटांवरच्या माणसांसाठी आली होती. तिथे वारस कोण हा प्रश्नच येत नाही. आणि खातेवहीकाका म्हणतात तसा आकडाही नेमका आहे.

काका, एवढ्या वर्षांनी हे सिद्ध करता येईल का? एका शाखेतून दुसरीकडे गेलेला पैसा?

खातेवही

ताई, दावा खरा असेल तर माग निघतो. शाखेतून शाखेत पैसा गेला की दोन नोंदी होतात, एक पाठवणाऱ्याकडे आणि एक घेणाऱ्याकडे. युद्धात ढाक्याची वही जळाली असली तरी लाहोरला जमा दिसलीच पाहिजे. शिवाय मदत पाठवणाऱ्या देशांकडे त्यांची स्वतःची पाठवणीची कागदपत्रं असतात. मी असतो तर आधी तिकडे पत्र टाकली असती, देशागणिक एक, तारखा आणि रकमा मागवून. त्यांची बेरीज घेऊन लाहोरची वही उघडायला सांगायचं.